दोर सुटू द्यावा की रोखून धरावा?

१४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर झाले. उतरताना सातजणांच्या तुकडीतील एकाचा पाय घसरला आणि आणखी तिघे त्याच्याबरोबर ओढले गेले. त्यांना मागच्या तिघांशी जोडणारा दोर तुटला व चौघे मृत्युमुखी पडले. मागच्या वाटाड्याने दोर कापला, असा संशय घेतला गेला. तुकडीतील एडवर्ड व्हिंपरने टोक तपासून तो तुटलाच असल्याचे सांगितले. मात्र तुकडीजवळच्या दोरांपैकी तो सर्वांत कच्चा होता.

मग जाड, पक्का दोर घ्यावा म्हणजे झाले? हे उत्तर अपुरे का, ते शाळेतल्या गणितानेच कळते. ८० किलोग्रॅमचा माणूस ४ मीटर पडला की त्याच्याजवळ सुमारे ३२०० ज्यूल ऊर्जा येते. तो २० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याला सरासरी १६,८०० न्यूटन, म्हणजे वजनाच्या २१ पट ओढ बसेल. तोच दीड मीटरमध्ये थांबला, तर ही ओढ वजनाच्या चौपटीहूनही कमी भरते. म्हणजे दोर पक्का राहिला तरी खडकातली मेख उखडेल, नाही तर माणूस जायबंदी होईल.

खालच्या साथीदाराने दोर सांभाळण्याला गिर्यारोहक ‘बिले’ म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे रिचर्ड लेनर्ड व त्याच्या सोबत्यांनी लहान कातळांवर मुद्दाम पडून बिलेचा सराव केला. दोर कमरेभोवती घ्यायचा आणि झटका बसताच घट्ट न धरता थोडा घसरू द्यायचा, ही त्यांची रीत होती. त्याच देशातील मानक संस्थेत काम करणाऱ्या अर्नोल्ड वेक्सलरने १९५० मध्ये बिलेचे गणित प्रसिद्ध केले. दोर टोकाशी पक्का अडकला, तर महत्तम ओढ नुसत्या पडण्याच्या उंचीवर ठरत नाही. ती ठरते पडण्याची उंची भागिले दोराची लांबी या गुणोत्तरावर. उंचावरून पडल्यास ऊर्जा जास्त, पण लांब दोर ताणलाही जास्त जातो.

पण घसरता दोर हाताने आवरायचा कसा? बंदरातले खलाशी जहाजाचा दोर खुंटाला वेढे देऊन धरतात, त्याच तत्त्वाने. या घर्षणाचे सूत्र ऑयलरने अठराव्या शतकात मांडले होते. घर्षणांक ०.३ धरला, तर अर्ध्या वेढ्याने हाताचे बल २.६ पट, एका वेढ्याने ६.६ पट आणि दीड वेढ्याने सुमारे १७ पट होते. प्रत्येक अर्ध्या वेढ्याला बेरीज नव्हे, गुणाकार होतो. १९७० च्या सुमारास जर्मनीतील फ्रिट्झ स्टिश्तने भोक असलेली धातूची पट्टी आणली. भोकातून दोराचा फासा काढून तो कॅराबिनरच्या कडीत अडकवला, की दोराला तीव्र वळणे मिळत आणि कमरेऐवजी घर्षण धातूत होई. १९९१ मध्ये पेट्झल कंपनीचे ग्रिग्री आले. त्यात झटका बसताच एक फिरता भाग दोर दाबून धरतो.

मग ग्रिग्री अधिक चांगले का? ते दोर जवळजवळ घसरू देत नाही. त्यामुळे मेखेवर येणारी ओढ वाढू शकते. शिवाय घाबरून तरफ ओढली तर दोर सुटतो. पट्टीत दोर घसरतो, पण हात सुटला तर सगळेच संपते. म्हणून पारख करताना ‘किती घट्ट धरते’ एवढेच विचारून भागत नाही. हाताच्या किती बलाला किती ओढ थांबते, बारीक किंवा ओल्या दोरावर काय होते, आणि माणूस चुकला तर काय होते, हेही पाहावे लागते. अशा उपकरणांसाठी ‘ईएन १५१५१’ हे युरोपीय मानक २०१२ मध्ये आले.

वर्गात याचा पहिला भाग सहज तपासता येईल. घट्ट बांधलेल्या आडव्या काठीवरून सुतळी टाका. एका टोकाला १ किलोग्रॅमचे वजन व दुसऱ्याला ताणकाटा लावा. अर्धा, एक, दीड वेढा देऊन प्रत्येक वेळी ओढ हळूहळू कमी करा आणि वजन खाली सरकू लागेल तेव्हाचे वाचन घ्या. मग काठीला ओले फडके गुंडाळून तेच करा. वाचने बदलली, तर घर्षणांक किती झाला ते विद्यार्थ्यांनाच काढू द्या.