मोहावीचं आकाश आणि १२४ मीटर

२१ जून २००४. कॅलिफोर्नियातल्या मोहावी नावाच्या वाळवंटी गावात उजाडायच्या आधीपासून गाड्यांच्या रांगा लागलेल्या होत्या. काही लोक आदल्या रात्रीच येऊन गाड्यांमध्ये, तंबूंमध्ये मुक्कामाला होते. गाव म्हणजे हायवेच्या कडेची चार हॉटेलं, पेट्रोल पंप, मालगाड्यांचे रूळ, बाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या आणि विमानतळावर कोरड्या हवेत उभी करून ठेवलेली जुनी प्रवासी विमानं. अशा ठिकाणी हजारो माणसं लहान मुलांना खांद्यावर घेऊन आकाशाकडे बघत उभी होती.

ती बघायला आली होती ते एका खासगी कंपनीने बनवलेलं यान. त्या दिवसापर्यंत माणसाला अवकाशात पाठवणारे जगात तिघेच होते: आधी सोव्हिएत संघ आणि मग रशिया, अमेरिका, आणि २००३च्या ऑक्टोबरपासून चीन. तिन्ही सरकारं. २००१मध्ये डेनिस टिटो स्वतःच्या पैशाने अवकाशात जाऊन आला होता, पण तोही रशियन सरकारच्या सोयूझमध्ये बसून. यान बनवणारा, उडवणारा आणि पैसे घालणारा असे तिघंही खासगी, हे कधी झालं नव्हतं.

आणि काळही कसा होता बघा. जेमतेम सोळा महिन्यांपूर्वी, १ फेब्रुवारी २००३ला, कोलंबिया शटल परत येताना तुटलं होतं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. नासाची उरलेली शटलं जमिनीवर बसून होती. अवकाशाचं नाव काढलं की टीव्हीवर टेक्सासच्या आकाशातले ते जळते तुकडे आठवायचे. त्या पार्श्वभूमीवर हे लोक वाळवंटात जमले होते.

यान बनवणारा माणूस

यानाचं नाव स्पेसशिपवन. बनवणारा बर्ट रुटान, कंपनी स्केल्ड कंपोझिट्स. रुटान हा विमानांच्या दुनियेतला अवलिया. त्याची विमानं बघितली की शेपूट पुढे बसवली की काय, असा प्रश्न पडतो. घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधू पाहणाऱ्या हौशी लोकांना तो नकाशे विकायचा. १९८६मध्ये त्याने डिझाइन केलेलं व्हॉयेजर वाटेत कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीला चक्कर मारून आलं होतं.

पैसे होते मायक्रोसॉफ्टच्या दोन संस्थापकांपैकी एक असलेल्या पॉल अ‍ॅलनचे. त्याने दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम यात घातली.

आणि पायलट माइक मेलविल, वय ६३. जन्म दक्षिण आफ्रिकेतला. शाळा पूर्ण झालेली नाही, इंजिनिअरिंगची पदवी नाही. रुटानच्या नकाशांवरून त्याने स्वतः एक विमान बांधलं आणि ते दाखवायला थेट मोहावीला घेऊन आला. रुटानने त्याला १९७८मध्ये कामावर ठेवलं, ते कायमचं. नासाच्या अंतराळवीरांच्या निवडीत हा माणूस पहिल्या फेरीतच बाद झाला असता.

या सगळ्यामागे एक बक्षीसही होतं. १९९६मध्ये पीटर डायमँडिसने एक्स प्राइझ जाहीर केलं: एक कोटी डॉलर. अट अशी की पायलट आणि आणखी दोन माणसांचं वजन घेऊन १०० किलोमीटरच्या वर जायचं, आणि दोन आठवड्यांच्या आत त्याच यानाने पुन्हा जायचं. कल्पना जुनीच होती. न्यूयॉर्क ते पॅरिस विनाथांबा उडणाऱ्याला २५ हजार डॉलर देणारं ऑर्टेग बक्षीस लिंडबर्गने १९२७मध्ये जिंकलं होतं. तसं काहीतरी अवकाशासाठी, हा विचार. पुढे अन्सारी कुटुंबाने पैशाची बाजू उचलली आणि त्यांचं नाव बक्षिसाला लागलं. २१ जूनचं उड्डाण मात्र बक्षिसासाठी नव्हतं. मेलविल एकटाच जाणार होता. आधी जमतंय का, ते बघायचं होतं.

खालून काय दिसलं

रॉकेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर श्रीहरिकोटा येतं. उलटी मोजणी, धूर, आग. मोहावीत यातलं काहीच नव्हतं. सकाळी पावणेसातच्या सुमाराला व्हाइट नाइट नावाचं एक विचित्र, लांब पंखांचं विमान धावपट्टीवरून उठलं. त्याच्या पोटाला स्पेसशिपवन लटकवलेलं होतं. मग तासभर काहीच नाही. विमान घिरट्या घालत वर चाललंय आणि खाली लोक माना वाकड्या करून बघतायत.

सुमारे १४ किलोमीटर उंचीवर व्हाइट नाइटने यान सोडलं. मेलविलने इंजिन पेटवलं. त्या इंजिनात जळत होतं एक प्रकारचं रबर, आणि ते जाळायला वापरला होता नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दातांचे डॉक्टर गुंगीसाठी देतात तो हसवणारा वायू. खालच्यांना दिसली निळ्या आकाशात सरळ वर जाणारी एक पांढरी रेघ. सव्वा मिनिटात रेघ संपली. त्यानंतर डोळ्यांना दिसण्यासारखं काही उरलं नाही.

इतिहास घडताना प्रत्यक्ष बघणं म्हणजे बऱ्याचदा एवढंच असतं. मुख्य गोष्ट घडत होती तेव्हा त्या हजारो लोकांपुढे फक्त रिकामं आकाश होतं.

वर काय चाललं होतं

इंजिन पेटल्याबरोबर वाऱ्याच्या माऱ्याने यान डावीकडे जवळपास ९० अंशांत कलंडलं. मेलविलने सावरलं तर ते तेवढंच उजवीकडे गेलं. पुढे यानाचं नाक वर-खाली धरणारी यंत्रणा बिघडली आणि त्याला पर्यायी यंत्रणेवर जावं लागलं. मधेच मागून मोठा दणका ऐकू आला. इंजिनाच्या तोंडाभोवतीचं आवरण चेपलं होतं, पण ते त्याला बसल्या जागेवरून दिसणार कसं? त्याने फक्त आवाज ऐकला. यान ठरलेल्या वाटेपासून तीसेक किलोमीटर भरकटलं.

जायचं होतं ११० किलोमीटरपर्यंत. गेलं १००.१२४. अवकाशाची हद्द १०० किलोमीटरवर मानतात, म्हणजे ती ओलांडली फक्त १२४ मीटरनी. साधारण चाळीस मजली इमारतीएवढी उंची. इंजिन आणखी थोडं अडखळलं असतं, तर तो दिवस इतिहासात तळटीप म्हणून गेला असता.

वर मेलविलला तीनेक मिनिटं वजनरहित अवस्था मिळाली. त्याने खिशातून एम अँड एम्सच्या रंगीत गोळ्या काढल्या आणि सोडून दिल्या. बिघाड झालेल्या यानात, खाली काळ्या आकाशाला चिकटलेली पृथ्वीची कड दिसत असताना, ६३ वर्षांचा माणूस तरंगत्या गोळ्या बघत बसला.

परत येताना कामाला आली रुटानची खरी करामत. यानाची शेपूट आणि पंखांचा मागचा भाग वर दुमडायचा, आणि मग यान बॅडमिंटनच्या फुलासारखं आपोआप सरळ होऊन खाली यायचं. हवेचा अडथळा मोठा, म्हणून वेग लवकर कमी. दाट हवेत आल्यावर शेपूट पुन्हा सरळ करायची आणि ग्लायडरसारखं उतरायचं. सव्वाआठच्या सुमाराला मेलविल धावपट्टीवर टेकला. खालच्या लोकांनी जल्लोष केला. आपण काय होता होता वाचलंय, हे त्यातल्या बहुतेकांना माहीत नव्हतं.

पाटीवरचं शून्य

एका गाडीने यान ओढत लोकांसमोरून नेलं. मेलविल यानावर उभा होता आणि त्याच्या हातात गर्दीतल्या कुणाचीतरी पाटी होती: ‘स्पेसशिपवन, गव्हर्नमेंटझीरो’. यान एक, सरकार शून्य. तो फोटो जगभर गेला.

पाटी झकास होती. पण खरी होती का?

ते विमानतळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन दलाचा तळ होतं आणि नंतर एका सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आलं. उड्डाणाचा परवाना सरकारी हवाई खात्याने दिलेला. त्या जागेला अवकाशतळाचा दर्जा त्याच खात्याने दिला, तोही चारच दिवस आधी. उडत्या विमानाखालून रॉकेट सोडण्याची कल्पना एक्स-१५ने शेजारच्याच एडवर्ड्स तळावर १९५९पासून राबवली होती, आणि जो वॉकर १९६३मध्येच त्यातून १०० किलोमीटरच्या वर दोनदा जाऊन आला होता, सरकारी खर्चाने. मेलविलला उतरल्यावर ‘व्यावसायिक अंतराळवीर’ म्हणून बिल्ला लावला तो पॅटी ग्रेस स्मिथ यांनी. त्या सरकारी अधिकारी होत्या.

शिवाय हे वर जाऊन लगेच खाली येणं होतं. स्पेसशिपवनने गाठला आवाजाच्या जवळपास तिप्पट वेग. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर लागतात. गॅगारिनने १९६१मध्ये ते केलं होतं.

मग शून्य कुणाच्या नावावर लिहायचं? मला वाटतं, पाटीने हिशोब चुकवला, पण भावना बरोबर पकडली. त्या लोकांना सरकारला हरवायचं नव्हतं. शटल बंद पडलेल्या वर्षी त्यांना एवढंच ऐकायचं होतं की ही गोष्ट आपल्यासारख्या कुणालातरी जमू शकते, आणि उद्या आपणही जाऊ.

उद्याचं काय झालं

बक्षीस मिळालं. २९ सप्टेंबरला मेलविल पुन्हा गेला. यान गरगर फिरलं तरी तो वर पोचला. ४ ऑक्टोबरला, स्पुटनिकच्या वाढदिवशी, ब्रायन बिनी ११२ किलोमीटरवर गेला आणि वॉकरचा एकेचाळीस वर्षांचा विक्रम मोडला. त्याच सुमाराला रिचर्ड ब्रॅन्सनने व्हर्जिन गॅलॅक्टिक जाहीर केली: तिकीट दोन लाख डॉलर, काही वर्षांत सगळे वर.

तसं झालं नाही. २६ जुलै २००७ला मोहावीतच नव्या यानाच्या इंजिनाची चाचणी चालू होती. आग लावायचीही नव्हती, फक्त नायट्रस ऑक्साइड सोडून बघायचा होता. टाकी फुटली आणि चाचणी बघत थांबलेल्या लोकांपैकी तिघे मेले. २०१४च्या ३१ ऑक्टोबरला स्पेसशिपटू हवेत तुटलं. दुमडणाऱ्या शेपटीची कडी वेळेआधी उघडली गेली होती. सहपायलट मायकल ऑल्सबरी गेला. मेलविलला सुखरूप आणणारी युक्तीच दहा वर्षांनी घात करून गेली.

जुलै २०२१मध्ये त्याच वंशातल्या यानातून ब्रॅन्सन वर गेला. सोबत भारतात जन्मलेली शिरीषा बांदला होती. ते यान ८६ किलोमीटरपर्यंत गेलं. अमेरिकेत ८० किलोमीटरच्या वर अवकाश धरतात, म्हणून अवकाश. २००४च्या मोजपट्टीने मात्र हद्द पार झाली नाही. पहिले पर्यटक २०२३मध्ये गेले, तोवर तिकीट साडेचार लाख डॉलरवर पोचलं होतं. वाळवंटात खांद्यावर बसलेली ती मुलं आज विशी-पंचविशीत असतील. त्यांच्यापैकी किती जणांना हे परवडेल, ते सांगायला नको.

तरीही त्या सकाळी तिथे जाणं फुकट गेलं असं मला वाटत नाही. बंद दाराआड झालेल्या चाचणीचा निकाल आपल्याला फक्त कळवला जातो. मोहावीत तारीख आधी जाहीर केली होती. यान फुटलं असतं तर सगळ्यांसमोर फुटलं असतं. अपयश लपवायची सोय नसताना लोकांना बोलवायला हिंमत लागते, आणि ती रुटानच्या लोकांनी दाखवली. स्पेसशिपवन आज वॉशिंग्टनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयाच्या मालकीचं आहे. फोटोत ते पांढरं, गुळगुळीत आणि अगदी छोटं दिसतं. एवढ्याशा डब्यात बसून तो वर गेला होता, आणि हद्दीच्या पलीकडे फक्त १२४ मीटर.