अल्पक्रिय थायरॉइड : तपासणी व उपचार

थायरॉइड म्हणजे कंठमण्याखाली श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शास्त्रीय परिभाषेत तिला ‘अवटु ग्रंथी’ म्हणतात. दवाखान्यात हे नाव सहसा कोणी घेत नाही. तिथे ऐकू येते ते ‘मला थायरॉइड आहे’. ग्रंथी तर सगळ्यांनाच असते. सांगायचे असते ते एवढेच, की तिचे काम मंदावले आहे. थकवा, वाढते वजन, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा ही लक्षणे इतर कारणांनीही होतात. म्हणून रक्ततपासणी लागते.

अहवालातला सर्वाधिक गोंधळाचा आकडा टीएसएचचा. हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते सोडते आणि थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइडने कुचराई केली की पीयूषिका हाकांचा आवाज वाढवते आणि आकडा चढतो. आकडा जास्त म्हणजे ग्रंथी सुस्त, असा हा उलटा हिशेब आहे. प्रौढांत साधारण ०.४ ते ४ ही मर्यादा धरतात. प्रयोगशाळेनुसार ती थोडी बदलते.

टीएसएच वाढलेले आणि थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, म्हणजे मुक्त टी-४, घटलेले असेल तर निदान स्पष्ट असते. टी-४ ठीक, पण टीएसएच १० च्या आतच किंचित वाढलेले असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे शहाणपणाचे. पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो. क्वचित दोष पीयूषिकेतच असतो. तेव्हा टी-४ कमी असूनही टीएसएच निर्दोष दिसते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्याही काही यंत्रांची फसगत करतात, त्यामुळे तपासणीआधी त्या डॉक्टरांना सांगाव्यात.

कारणांत हाशिमोटो विकार अग्रणी आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. आयोडीनची कमतरता, ग्रंथीची शस्त्रक्रिया आणि लिथियमसारखी औषधे ही अन्य कारणे.

उपचाराची कथा मेंढ्यांपासून सुरू होते. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका रुग्णेला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! आज हेच काम लेव्होथायरॉक्सिनची चिमुकली गोळी करते. ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. ही गोळी आणि कॅल्शियम वा लोहाच्या गोळ्या यांत चार तासांचे अंतर हवे. औषधाचा अंमल सावकाश होतो, म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच पुन्हा पाहतात. आकडा मर्यादेत आला तो गोळीमुळे. तेवढ्यावरून ती मनाने सोडू नये.

गरोदरपणात या गोळीची गरज वाढते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना गाठावे. पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नये.