दुबार अर्ज आणि दप्तराची स्मृती

पेशवाईच्या काळात पुण्याच्या पेढीवरून काशीच्या सावकारावर काढलेली हुंडी वाटेत गहाळ झाली, तरी रक्कम पाठविणारा गृहस्थ आपल्या पैशांना मुकत नसे. त्याच रकमेची दुसरी प्रत, जिला ‘पैठ’ म्हणत, ती त्याला मिळे, आणि तीही हरवलीच तर ‘परपैठ’ नावाची तिसरी प्रत निघे. या प्रतींत मूळ हुंडीचा हवाला दिलेला असल्यामुळे, तिन्ही कागद आगेमागे काशीस पोहोचले तरी सावकार आपली वही पाहून रक्कम एकदाच अदा करी. पैसे चुकते झालेली हुंडी ‘खोका’ ठरे आणि उरलेल्या प्रती निरर्थक होत. मागणी कितीही वेळा यावी, पण तिचे फळ एकदाच मिळावे, आणि ते एकदाच मिळते की नाही हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्याच्या वहीने घ्यावी, हे या व्यवस्थेचे मर्म होय. वेबवरील अर्जांना याच तत्त्वापाशी पोहोचावयास कित्येक वर्षे लागली. त्या वाटचालीचा हा वृत्तान्त.

आरंभी वेब हे केवळ वाचण्याचे साधन होते. फॉर्म आला आणि वाचकाचा अर्जदार झाला. नोव्हेंबर १९९५ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांनी संपादिलेले ‘एचटीएमएल २.०’चे विनिर्देश प्रसिद्ध झाले, आणि त्यांतच फॉर्म पाठविण्याच्या दोन रीतींचा भेद नमूद झाला : ज्या विचारणेने जगातील कोणत्याही वस्तुस्थितीत टिकाऊ फरक पडत नाही तिच्यासाठी ‘गेट’, आणि जिच्यामुळे नवी नोंद होते, पैसे वळते होतात किंवा हक्क निर्माण होतो तिच्यासाठी ‘पोस्ट’. जानेवारी १९९७ च्या ‘एचटीटीपी १.१’ने हा विचार अधिक काटेकोर केला. एकदा करा वा दहादा करा, परिणाम एकच राहतो अशा क्रियेला त्याने ‘आयडेम्पोटंट’ हे विशेषण लावले. हा शब्द मूळचा गणिताचा. स्वतःशीच गुणिले असताही जे पद जसेच्या तसे राहते त्यासाठी अमेरिकन गणिती बेंजामिन पर्स यांनी तो १८७० साली घडविला होता. पोस्टला मात्र या वर्गात स्थान नव्हते. दोनदा पोहोचलेला पोस्ट म्हणजे दोन स्वतंत्र अर्ज, असेच यंत्राने समजावे.

अनर्थाचे मूळ येथेच होते. परीक्षेचे शुल्क भरणारा विद्यार्थी सबमिटचे बटण दाबतो, पडद्यावर चक्र फिरत राहते, उत्तर येत नाही, आणि तो पुन्हा बटण दाबतो. ही त्याची उतावीळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण मौनाचा अर्थ त्याला कळण्याचा मार्गच नसतो. अर्ज वाटेत हरवला असेल, किंवा अर्ज पोहोचून केवळ पोचपावती हरवली असेल, आणि अर्जदाराच्या बाजूने पाहता या दोन स्थितींत तिळमात्र भेद दिसत नाही. संदेश हरवू शकणाऱ्या मार्गावरून दोन पक्षांना परस्परांविषयी पूर्ण खातरी होणे अशक्य आहे, हा सिद्धान्त संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच मांडला होता, आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी तो दोन सेनापतींच्या दृष्टान्ताने प्रसिद्ध केला.

तरीही पहिले उपाय अर्जदाराचा हात आवरण्याचेच झाले. ‘बटण दोनदा दाबू नये’, ‘पान रिफ्रेश करू नये’, ‘मागे जाऊ नये’ अशा ताकिदी पडद्यावर झळकू लागल्या. जावास्क्रिप्टच्या साह्याने एकदा दाबलेले बटण निकामी करण्याची रीत रूढ झाली. ती उपयुक्त खरीच. परंतु पान नव्याने उघडले, ब्राउझर बंद पडला, किंवा मधल्या एखाद्या यंत्रानेच संदेश परत पाठविला, तर निकामी केलेल्या बटणाचा काही इलाज चालत नाही.

दुसरा उपाय अधिक सुज्ञ होता. पोस्टच्या उत्तरादाखल आलेले पान रिफ्रेश केले की तोच पोस्ट पुन्हा जाई. म्हणून सर्व्हरने अर्ज स्वीकारताच पान न देता ‘अमुक ठिकाणी पाहावे’ असा निर्देश द्यावा आणि ब्राउझरने ते पान गेटने मागवावे, अशी योजना पुढे आली. तिच्यासाठी ‘३०३’ हा संकेत एचटीटीपी १.१ मध्ये होताच. ऑगस्ट २००४ मध्ये मायकेल जुराव्लेव्ह यांच्या लेखाने या पद्धतीचा विशेष प्रसार झाला. आता रिफ्रेशने पावतीच पुन्हा दिसू लागली. पण निर्देश पोहोचण्यापूर्वीच दुसऱ्यांदा दाबलेल्या बटणाचा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटला हुंडीच्या न्यायाने. फॉर्म देतानाच सर्व्हरने त्यात एक गुप्त, एकमेव खूण घालावी आणि अर्ज परत येताच ती खर्ची टाकावी, ही सोय स्ट्रट्ससारख्या जावाच्या चौकटींनी या शतकाच्या आरंभीच दिली. पुढे पैशांच्या व्यवहारांत पाठविणाऱ्यानेच प्रत्येक मागणीला स्वतःची किल्ली जोडावी, आणि तीच किल्ली पुन्हा आली तर काम पुन्हा न करता पहिलेच उत्तर परत द्यावे, असा प्रघात पडला. स्ट्राइपसारख्या कंपन्या ही किल्ली निदान चोवीस तास स्मरणात ठेवतात. येथे एक बारकावा निर्णायक ठरतो. दोन अर्ज एकाच क्षणी आले, दोघांनीही वही पाहिली आणि दोघांनाही नोंद आढळली नाही, तर दोन्ही नोंदले जातील; म्हणून आधी पाहणे आणि मग लिहिणे असे दोन टप्पे न ठेवता, एका किल्लीची दुसरी नोंद डेटाबेसनेच नामंजूर करावी असा निर्बंध प्रत्यक्ष वहीवर घालावा लागतो. काशीच्या पेढीवर जे काम मुनिमाची सावध नजर करी, ते येथे या निर्बंधाने करावयाचे असते.

अर्जदाराला दिलेल्या ताकिदी आजही पुष्कळ पडद्यांवर दिसतात, आणि त्या वाचताना दुबळ्या नेटवर्कच्या गावात थरथरत्या बोटाने फी भरणारा मुलगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. काशीचा सावकार हुंडीधारकाला ‘दुसरी प्रत आणू नये’ असे बजावीत नव्हता. तो वही उघडीत असे. ज्या दप्तराला आपली स्मृती शाबूत ठेवता येते, त्याच्या दारी त्या मुलाने शंका आल्यास पुन्हा बटण दाबावे आणि त्याला तीच जुनी पावती मिळावी, एवढा दिलासा त्याचा हक्क आहे.