करारातील ‘ज्ञान’ : दापोडी–पिंपरी पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासातील एक धागा

मुळा व पवना यांच्या संगमाजवळील दापोडी येथे मुंबई इलाख्याच्या सरकारने १८२८ मध्ये वनस्पती उद्यान उभारले. पुढे त्याचे अधीक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी पश्चिम भारतातील वनस्पतींची चित्रे एका स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिनबर्गच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. चित्रकाराच्या नावाची नोंद मात्र झाली नाही. वनस्पतींविषयीचे ज्ञान हातोहात गेले आणि त्यासाठी कोणालाही करारनामा करावासा वाटला नाही. शतकभरानंतर याच परिसरात कारखाने आले, तेव्हा करारनाम्याशिवाय ज्ञान हलेनासे झाले. या करारांनी ‘ज्ञान’ कशाला म्हटले, हा येथे विचाराचा विषय आहे.

पहिले उदाहरण पिंपरीचे आहे. पेनिसिलिनच्या कारखान्यासाठी भारत सरकारने १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्याशी करार केला. युनिसेफने यंत्रसामग्री द्यावी, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ व प्रशिक्षण पुरवावे, असे ठरले. त्याबरोबरच तेथील तांत्रिक माहिती व संशोधन इतरांनाही खुले असावे, ही त्यामागची भूमिका होती. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिब सिंग सोखी त्या काळात आरोग्य संघटनेत वरिष्ठ पदावर होते. औषधनिर्मितीचे ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे, असे मानणाऱ्यांपैकी ते एक होत. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी याच कंपनीने अमेरिकेतील मर्क या खाजगी कंपनीशी करार केला. एकाच आवारात अशा रीतीने दोन प्रकारचे ज्ञान नांदू लागले : एक वाटण्यासाठी घेतलेले, दुसरे विकत घेतलेले.

विकत घेतलेल्या या ज्ञानाला उद्योगजगतात ‘नो-हाऊ’ असे नाव मिळाले. पेटंटात शोध जाहीर करावा लागतो. त्या बदल्यात ठरावीक मुदतीचा हक्क मिळतो. नो-हाऊचे मोल मात्र ते जाहीर न करण्यातच असते. ते काय आहे हे करारात नेमके लिहिले तर ते उघड होते, न लिहिले तर त्याचे उल्लंघन सिद्ध करणे कठीण. त्यामुळे मसुदाकार त्याचे वर्णन करण्याऐवजी त्याभोवती शब्दांचे कुंपण घालतात.

हे कुंपण किती लांब जाऊ शकते, हे कल्याण येथील एका प्रकरणात दिसते. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीने टायर कॉर्ड धाग्याच्या कारखान्यासाठी हॉलंडची ए.के.यू. व पश्चिम जर्मनीची व्ही.सी.एफ. या कंपन्यांकडून १,४०,००० जर्मन मार्कांच्या मोबदल्यात तंत्र मिळविले. तांत्रिक माहिती, ज्ञान, नो-हाऊ, अनुभव, आकडेवारी आणि कागदपत्रे करार संपेपर्यंत व त्यानंतर तीन वर्षे गुप्त ठेवण्याची अट होती. या यादीतील ‘अनुभव’ हा शब्द विशेष लक्षात घ्यावा. कागद कपाटात बंद करता येतो. अनुभव मात्र कामगाराबरोबर फाटकाबाहेर जातो. म्हणूनच कर्मचाऱ्यांकडूनही गुप्ततेची हमी घेण्याचे बंधन कंपनीवर होते. मार्च १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर नेमलेला एक पाळी-पर्यवेक्षक प्रशिक्षण घेऊन १९६४ मध्ये अधिक पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. निरंजन शंकर गोलीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १७ जानेवारी १९६७ च्या निकालात न्यायालयाने कंपनीच्या बाजूने दिलेला मनाई हुकूम कायम ठेवला. तो मूळ पाच वर्षांच्या मुदतीपुरता व टायर कॉर्ड धाग्याच्या कामापुरता मर्यादित असल्याने भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ चा भंग होत नाही, असे ठरले.

इंग्लंडमधील १९१६ च्या हर्बर्ट मॉरिस विरुद्ध सॅक्सेल्बी या खटल्यात लॉर्ड शॉ यांनी मालकाची व्यापारी गुपिते आणि कामगाराच्या अंगी मुरलेले कौशल्य यांत फरक केला होता. तत्त्व म्हणून तो पटतो. परंतु धाग्याला ताण किती द्यावा हे ज्याच्या बोटांना कळू लागले, त्याचे कोणते ज्ञान मालकाचे आणि कोणते स्वतःचे, याची विभागणी कारखान्यात कोण करणार? कल्याणच्या पर्यवेक्षकाबाबत ही विभागणी अखेर मुदतीच्या तारखेने केली. हा व्यवहार्य तोडगा होता. ज्ञानाची व्याख्या नव्हे.

कराराची मुदत संपली तरी शिकलेले विसरता येत नाही, हे आकुर्डीनेही दाखविले. बजाजचा इटलीच्या पियाजिओशी असलेला परवाना करार १९७१ मध्ये संपला व सरकारने त्याचे नूतनीकरण होऊ दिले नाही. १९७२ पासून तेथे ‘चेतक’ ही स्कूटर बजाजच्याच नावाने तयार होऊ लागली. करार संपला, तरी जुळणीच्या रांगेतील हात तेच राहिले.

नोकरी संपल्यानंतरच्या बंदीविषयी सर्वोच्च न्यायालयात १९८० मध्ये सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या खटल्यात विचार झाला आणि कंपनीचे अपील फेटाळले गेले. गुपिताची वैधानिक व्याख्या त्यानंतरही झाली नाही. १९९५ मध्ये अमलात आलेल्या ट्रिप्स कराराच्या कलम ३९ ने ‘अप्रकट माहिती’ला संरक्षण देण्याचे बंधन घातले, तरी भारताने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला नाही, विधी आयोगाने अशा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात मांडला. तोपर्यंत दापोडीपासून चाकणपर्यंतच्या नेमणूकपत्रांतील ‘गोपनीय माहिती’चा अर्थ प्रामुख्याने मसुदा लिहिणाऱ्या पक्षानेच ठरविला, आणि नेमणूकपत्र कामगार लिहीत नाही.