जेत्यांची नावे

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हा तेथे एथेलरेड, लिओफ्रिक, गॉडविन (देवाचा मित्र) अशी जुनी जर्मानिक नावे नांदत होती. पुढील दोन शतकांत ती बहुतांशी लोपली. गॉडविन आडनावापुरता उरला. त्यासाठी हुकूम निघाला नव्हता. सरदारवर्गाचे अनुकरण पुरेसे ठरले. दरबारी वावरलेल्या आपल्या घराण्यांना याचे नवल वाटू नये! गंमत अशी, की जागा घेणारी विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नावेही मूळची जर्मानिकच, फक्त फ्रान्समार्गे आलेली. म्हणजे प्रश्न भाषाकुळाचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता. एडवर्ड मात्र तगले. संतपद लाभलेल्या एडवर्ड राजावरील भक्तीपोटी तिसऱ्या हेन्रीने १२३९ मध्ये जन्मलेल्या थोरल्या पुत्राला ते नाव दिले. धाकट्याला एडमंड, तेही जुन्या इंग्रज संतराजाचेच.