की वेस्टची चोपन्न मांजरे (धागा)

सप्टेंबर २०१७ चा पहिला आठवडा. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रात पसरलेल्या 'कीज' नावाच्या बेटमाळेतील रहिवाशांना सक्तीने घरे सोडण्याचा आदेश निघाला होता. 'इर्मा' हे चक्रीवादळ ६ सप्टेंबरला बार्बुडा बेट उद्ध्वस्त करून क्यूबाच्या दिशेने सरकत होते. बेटमाळेच्या शेवटच्या मोठ्या बेटावर, की वेस्टवर, दुकानांच्या काचांवर फळ्या ठोकल्या जात होत्या आणि पेट्रोलपंप कोरडे पडू लागले होते. या धावपळीत व्हाइटहेड स्ट्रीटवरील ९०७ क्रमांकाच्या घरात दहा माणसे मात्र पाणी, अन्न, औषधे आणि जनरेटरसाठी इंधन साठवीत होती. त्यांनी बेट न सोडण्याचे ठरविले होते. कारण त्या घरात चोपन्न मांजरे होती.

अर्नेस्ट हेमिंग्वे १९३१ पासून १९३९ पर्यंत राहिला ते हे घर. आज तेथे त्याचे संग्रहालय आहे. बातमी फुटली तेव्हा जगभरातून सल्ले आले. हेमिंग्वेची नात, अभिनेत्री मॅरिएल हेमिंग्वे, हिने जाहीर विनवणी केली की घर हे शेवटी घरच; मांजरे गाडीत घाला आणि निघा. संग्रहालयाची व्यवस्थापिका बहात्तर वर्षांची होती. तिने ऐकले नाही.

हा हट्ट होता की हिशेब, हे ठरविण्यासाठी आधी भूगोल पाहावा लागतो.

'की' हा शब्द स्पॅनिश 'कायो' या शब्दावरून आला. अर्थ, छोटे सखल बेट. या बेटांना मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता एकच. लांबी ११३ मैल, म्हणजे सुमारे १८२ किलोमीटर; मुंबई ते पुणे या अंतराहूनही अधिक. दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये चाळीसहून अधिक पूल. पिण्याचे पाणीसुद्धा मुख्य भूमीवरून नळाने येते. अशा रस्त्यावर हजारो माणसे उत्तरेकडे निघाली असताना चोपन्न पिंजरे, तितक्याच घाबरलेल्या मांजरी आणि बेभरवशाचे इंधन घेऊन निघायचे, तेही जेथे जायचे तो फ्लोरिडाचा उत्तर भागही त्याच वादळाच्या वाटेवर असताना! मांजर पिंजऱ्यात कसे जाते, किंवा जात नाही, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला चोपन्नचा गुणाकार सांगावा लागत नाही.

आता घराकडे. ११ ऑक्टोबर १८४६ रोजी आलेल्या वादळाने की वेस्ट जवळजवळ पुसून टाकले होते. समुद्राकाठचे दीपगृह कोसळले आणि त्यात आसऱ्यासाठी शिरलेली माणसे त्याखालीच गेली. दोन वर्षांनी नवे दीपगृह उभे राहिले ते किनारा सोडून आत, उंच जागेवर, व्हाइटहेड स्ट्रीटवर. त्याच्या समोरच १८५१ साली आसा टिफ्ट याने आपले घर बांधले. टिफ्टचा धंदा होता खडकांवर फुटलेल्या जहाजांतील माल सोडवून विकण्याचा. वादळे हीच ज्याची कमाई, तो माणूस वादळाला विसरून घर बांधणे शक्य नव्हते. त्याने त्याच जागेतील चुनखडीचा दगड खणून काढला, त्याच्या अठरा इंच जाडीच्या भिंती रचल्या, आणि खणलेल्या खड्ड्याचे तळघर केले. की वेस्टसारख्या सखल बेटावर तळघर ही दुर्मीळच गोष्ट. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे सोळा फूट उंच. सोळा फूट म्हणजे आपल्याकडच्या टेकाडाइतकेही नाही, पण त्या बेटावर याहून उंच जागा शोधाव्या लागतात.

मांजरांची कथा अशी सांगतात की एका जहाजाच्या कप्तानाने हेमिंग्वेला सहा बोटांचे पांढरे मांजर भेट दिले आणि आजची मांजरे हा त्याचाच वंशविस्तार. अभ्यासकांत या कथेविषयी एकमत नाही. क्यूबातील त्याच्या घरी मांजरांचा मोठा कबिला होता, याविषयी मात्र कोणालाच शंका नाही. बोटांची गोष्ट तर पूर्ण खरी आहे. सामान्य मांजराला पुढच्या प्रत्येक पायास पाच आणि मागच्या प्रत्येक पायास चार अशी अठरा बोटे असतात. या घरातील सुमारे निम्म्या मांजरांना त्याहून अधिक आहेत. पंजा लोकरी हातमोजा घातल्यासारखा दिसतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या वैशिष्ट्यामागचा जनुकीय बदल ओळखला गेला आणि त्याला हेमिंग्वेचेच नाव मिळाले. नोबेल मिळालेल्या लेखकाचे नाव मांजराच्या अंगठ्याला लागावे, हे त्याला कदाचित आवडलेही असते.

हेमिंग्वे स्वतः या घरात असताना एक मोठे वादळ येऊन गेले आणि त्याची आठवण या बेटांवर अजून पुसलेली नाही. २ सप्टेंबर १९३५, कामगार दिनाची सुटी. बेटमाळेच्या वरच्या भागात, मॅटेकुंबे बेटांवर, पहिल्या महायुद्धातील बेकार सैनिकांच्या छावण्या होत्या. मंदीच्या काळात सरकारने त्यांना महामार्गाच्या कामाला लावले होते. राहायला तंबू आणि फळ्यांच्या झोपड्या. वादळाची चाहूल लागूनही त्यांना हलविण्यासाठी मायामीहून गाडी निघाली ती फार उशिरा. रात्री ती इस्लामोराडाला पोहोचली आणि समुद्राच्या लाटेने तिचे डबे रुळांवरून उलथून टाकले. इंजिन तेवढे उभे राहिले. त्या रात्री वायुदाब ८९२ मिलिबारपर्यंत उतरला होता. चारशेहून अधिक माणसे मेली, त्यांत निम्म्याहून अधिक ते सैनिक होते.

की वेस्ट त्या वेळी बचावले. हेमिंग्वेने आपली 'पिलार' ही नौका जुन्या पाणबुडीतळावर बांधून वादळ काढले आणि नंतर मदतीसाठी मॅटेकुंबेला गेला. तेथे जे दिसले त्यावर त्याने 'न्यू मासेस' या नियतकालिकात संतापून लेख लिहिला. या माणसांना तेथे कोणी ठेवले आणि वेळेवर का हलविले नाही, हा त्याचा प्रश्न होता. वाहून गेलेली रेल्वे पुन्हा उभारली गेली नाही. तिच्याच पुलांवर १९३८ साली मोटारींचा रस्ता झाला, आणि २०१७ मध्ये लोक ज्या एकमेव वाटेने पळत होते ती हीच. म्हणजे 'निघा' आणि 'थांबा' यांतील निवड चुकली तर काय होते, हे या बेटांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. निघण्याची गाडी उशिरा आली की निघणेही जीव घेते.

पण पाळीव जनावरांसाठी थांबणाऱ्या माणसाकडे पाहण्याची अमेरिकी दृष्टी बदलली ती यानंतर सत्तर वर्षांनी, आणि फ्लोरिडात नव्हे, लुइझियानात.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना वादळ धडकले, बांध फुटले, न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेले. सुटकेच्या बोटी, बस आणि निवारे यांचा सर्वसाधारण नियम एकच होता: माणसे या, जनावरे नको. सुपरडोम क्रीडागृहाबाहेर बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून पोलिसाने त्याचे 'स्नोबॉल' हे कुत्रे काढून घेतले आणि ते मूल ओकारी येईपर्यंत रडले, ही वृत्तसंस्थेची चार ओळींची बातमी देशभर गेली. पण त्या मुलाच्या रडण्यापेक्षा प्रशासनाला अधिक टोचणारी गोष्ट वेगळी होती. न निघालेल्या अनेकांनी पुढे सांगितले की जनावराला मागे टाकवत नव्हते म्हणून आम्ही थांबलो. म्हणजे मांजराला बसमध्ये जागा नाकारली की माणूसही छपरावर अडकतो, आणि मग त्याला काढायला हेलिकॉप्टर पाठवावे लागते. भूतदया बाजूला ठेवली तरी हिशेब चुकत होता.

कुत्री निदान छपरांवरून भुंकत होती. मांजरांचे हाल वेगळेच. भेदरलेले मांजर आवाज करीत नाही. ते पोटमाळ्यावर, कपाटामागे, भिंतीच्या फटीत शिरते आणि हाक मारणाऱ्या परक्या माणसाला ओ देत नाही. वाचविलेल्या जनावरांच्या छावण्या भरल्या तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. शेकडो करडी, पट्टेरी मांजरे. हे कोणाचे, हे सांगणार कोण? गळ्यातील पट्टा निसटलेला, कातडीखाली ओळखीची चिप नाही, मालक टेक्सासच्या कुठल्याशा निवाऱ्यात. असंख्य जनावरे आपल्या घरी कधीच परतली नाहीत. पिंजरा वादळाच्या आधीच काही दिवस घरात उघडा ठेवावा म्हणजे मांजर त्यात झोपू लागते. निघायची वेळ येण्यापूर्वीच त्याला लपायला जागा नसलेल्या छोट्या खोलीत बंद करावे. चिप बसवावी, तिच्यावरील फोन नंबर चालू ठेवावा आणि मालकासह मांजराचे छायाचित्र जवळ बाळगावे. वादळानंतर लगेच दार उघडू नये, कारण ओळखीचे वास धुऊन गेलेले असतात आणि मांजर स्वतःच्या अंगणातही वाट चुकते, या आज सर्वत्र दिल्या जाणाऱ्या सूचनांचे महत्त्व त्या पाण्याने दाखवून दिले.

कायदाही झाला. काँग्रेस सदस्य टॉम लँटोस यांनी मांडलेले विधेयक प्रतिनिधिगृहात ३४९ विरुद्ध २४ मतांनी संमत झाले आणि ६ ऑक्टोबर २००६ रोजी अध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली. हंगेरीत जन्मलेले लँटोस नाझी छळछावण्यांच्या काळातून वाचलेले होते; घरदार सोडून जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. राज्यांनी आणि स्थानिक प्रशासनांनी आपत्तीच्या योजना आखताना पाळीव जनावरे असलेल्या कुटुंबांचा विचार केलाच पाहिजे, अशी ही तरतूद. प्रत्येक हॉटेलला वादळात मांजर ठेवून घ्यावेच लागते, असा समज दर वादळात पसरतो, तो चूक आहे. कायद्याचा रोख सरकारी योजनांवर आहे, हॉटेलांवर नाही.

इर्माच्या वेळी हा कायदा अकरा वर्षांचा होता आणि फ्लोरिडात जनावरांसह राहता येईल असे निवारे उघडले गेले. दोन मांजरे असलेल्या कुटुंबाला 'निघा' हाच योग्य सल्ला होता. चोपन्न मांजरांच्या घराला तो तसाच लागू होत नव्हता.

येथे एका खटल्याचा उल्लेख अस्थानी होणार नाही. एका पाहुण्याच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या कृषी खात्याने या संग्रहालयाकडे लक्ष वळविले होते. तिकीट काढून लोक जेथे मांजरे पाहतात ते घर सर्कशीप्रमाणे प्राण्यांचे प्रदर्शन ठरते, असे खात्याचे म्हणणे. वाद वर्षानुवर्षे चालला आणि डिसेंबर २०१२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. निकालावर त्या वेळी बरेच हसू झाले, पण तो वाद मुळात एका खऱ्या प्रश्नाभोवती होता: या मांजरांची जबाबदारी नेमकी कोणाची? २०१७ मध्ये त्याचे उत्तर कागदावर शोधण्याची वेळ आली नाही.

रविवार, १० सप्टेंबर. सकाळी नऊच्या सुमारास इर्माचा डोळा कजो की या बेटावर जमिनीला टेकला. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २१० किलोमीटर. कजो की की वेस्टच्या पूर्वेस साधारण तीस किलोमीटरवर आहे. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाची उजवी, म्हणजे पूर्वेकडची बाजू अधिक घातक असते. वादळाचा स्वतःचा वेग तेथे वाऱ्याच्या वेगात मिळतो. की वेस्ट डाव्या बाजूला पडले. तीस किलोमीटरांनी दैव फिरले, असे म्हणायला हरकत नाही.

घरात माणसे आणि मांजरे त्या अठरा इंची भिंतींच्या आड होती. मांजरांना आत घेण्यासाठी फारसे झगडावे लागले नाही. वादळ येते आहे हे त्यांना माणसांच्या आधी उमगल्यासारखे दिसले, असे संग्रहालयाच्या मंडळींनी पुढे सांगितले. वायुदाबाचा उतार मांजरांना जाणवतो असे पुष्कळांचे मत आहे. त्याहून साधे कारणही पुरेसे आहे: रोजची माणसे, रोजचा आवाज, रोजचे घर. परक्या गाडीत, परक्या निवाऱ्यात हे तिन्ही नसते.

वीज गेली, पाणी गेले, फोन गेले. बेटाची खबर जगाला मिळेना. मग बातमी आली: दहाही माणसे सुखरूप, चोपन्न मांजरे सुखरूप, घर शाबूत, अंगणात झाडे आणि फांद्या पडलेल्या. त्या दिवसांच्या निराश बातम्यांत ही बातमी जगभर हसून वाचली गेली.

पण त्याच बेटमाळेत, बिग पाइन की आणि कजो कीवर, सखल जागेवरची फिरती घरे आणि जुनी लाकडी घरे मोडून पडली होती. तेथे कोणी 'हेमिंग्वेची मांजरे राहिली, आपणही राहू' म्हणून थांबला असता, तर त्याच्या मांजरांचे आणि त्याचे काय झाले असते हे सांगायला नको. ९०७ क्रमांकाच्या घराला सोळा फुटांची उंची होती, दगडी भिंती होत्या, जनरेटर होता, साठा होता आणि दहा प्रौढ माणसे होती. यांतील एक गोष्ट कमी असती तरी मॅरिएल हेमिंग्वेचाच सल्ला बरोबर ठरला असता. आणि वादळाचा डोळा तीस किलोमीटर पश्चिमेला सरकला असता तर कदाचित सर्व असूनही.

सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस 'इयान' की वेस्टच्या पश्चिमेकडून गेले आणि समुद्राचे पाणी शहरातील रस्त्यांवर चढले. व्हाइटहेड स्ट्रीटवरील त्या घरात मांजरांची संख्या तोवर साठीच्या आसपास पोहोचली होती. खिडक्यांची दारे पुन्हा बंद झाली आणि मांजरे पुन्हा घरातच राहिली. अंगणात आजही त्यांच्यासाठी पाण्याचे एक कुंड आहे. हेमिंग्वेने 'स्लॉपी जोज' या आपल्या आवडत्या दारूच्या गुत्त्यातून उचलून आणलेले ते मुतारीचे भांडे. पत्नी पॉलीनने त्याभोवती रंगीत फरशा बसवून लाज राखली. मांजरे त्यातूनच पाणी पितात.