यदृच्छा, संगणक आणि लेखकाची निवड

प्रायोगिक साहित्याच्या इतिहासात यदृच्छा आणि संगणक यांचा उल्लेख बहुधा एकत्रच होतो आणि दोहोंनी लेखकाचे स्थान संपुष्टात आणले, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्ष कृती तपासल्या असता हा निष्कर्ष टिकत नाही.

त्रिस्तान त्झारा यांनी १९२० मध्ये दादावादी कविता रचण्याची रीत सांगितली : वर्तमानपत्रातील एखाद्या लेखाचे शब्द कातरून पिशवीत टाकावेत, पिशवी हलवावी आणि हाती येतील त्या क्रमाने शब्द उतरवून घ्यावेत. महायुद्धाला कारण झालेल्या संस्कृतीच्या तर्कनिष्ठेवरील अविश्वास या थट्टेच्या मुळाशी होता. तथापि लेख निवडणारा हात कवीचाच राहिला.

१९५२ मध्ये ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या आग्रहावरून त्या यंत्रात यादृच्छिक अंक देणारी योजना केलेली होती. शब्दांची सोडत तिने काढली. शब्दांच्या याद्या आणि वाक्यांचे साचे मात्र स्ट्रेची यांनी सिद्ध केले होते. १९५९ मध्ये थिओ लुट्झ यांनी जर्मनीत त्सुझे झेड २२ या संगणकाला काफ्काच्या ‘द कॅसल’ या कादंबरीतील शब्द पुरविले. त्यातून निघालेल्या वाक्यांत काफ्काच्या विश्वाची छाया उमटते, याचे श्रेय त्या शब्दसंग्रहाच्या निवडीला आहे.

रेमों केनो यांनी याच अनुभवातून उलट दिशा धरली. तरुणपणी ते अतिवास्तववाद्यांच्या वर्तुळात वावरले होते. पुढे यदृच्छेलाच स्वातंत्र्य मानणे त्यांना अमान्य झाले. १९६० मध्ये फ्रान्स्वा ल लियोने यांच्यासह त्यांनी ‘उलिपो’ हे मंडळ स्थापन केले आणि स्वेच्छेने स्वीकारलेल्या बंधनाला महत्त्व दिले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात १० सुनीते आहेत. प्रत्येक ओळ वेगळ्या पट्टीवर छापलेली असल्याने वाचक कोणत्याही सुनीताची ओळ दुसऱ्यात बसवू शकतो. कोटीला कोटीने गुणावे, इतकी सुनीते त्यातून संभवतात; ती अखंड वाचण्यास सुमारे १९ कोटी वर्षे लागतील, असा हिशेब केनो यांनीच मांडला. प्रत्येक जोडणी जमावी म्हणून यमके आणि वाक्यरचना त्यांनी आधीच जुळवून ठेवल्या होत्या.

आजची भाषा-प्रारूपेही पुढील शब्द संभाव्यतेच्या आधारे निवडतात. त्यांची सामग्री अफाट आहे, परंतु समीक्षेपुढील प्रश्न जुनाच आहे : शब्दांचा साठा कोणी निवडला आणि नियम कोणी घातले? लेखकाचे उत्तरदायित्व ओळीपासून नियमाकडे सरकले आहे. समीक्षेनेही त्याचा शोध तेथेच घेतला पाहिजे.